ज्येष्ठमधाचं राहिलेलं अर्धं व्याख्यान

मल्लू, परवा तुझ्या शोकसभेत लोक हसले.

हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. आणि तुझ्या गळ्याची शपथ, या वेळी मी काही केलं नव्हतं. भुवई उडवली नव्हती, आवाज बदलला नव्हता, बाही वर सारली नव्हती. तुझ्या वहीतलं एक वाक्य वाचलं फक्त, 'पाय सुजतात का ते रोज पाहावे', आणि वाचनालयाचा हॉल फुटला. तुझ्या फोटोला हार, समोर उदबत्ती, पहिल्या रांगेत पार्वतीवहिनी, आणि पन्नास-साठ माणसं पोट धरून हसतायत. आपल्याला लोकांना हसवता येतं, याचा मला जन्मभर केवढा ताठा होता. परवा पहिल्यांदा वाटलं, हे मला यायला नको होतं.

तू असतास तर म्हणाला असतास, "सुम्न कूड." गप बस. कॉलेजात आणि बाजारात चोख मराठी बोलणारा तू, तुझं मैंदर्गीचं कानडी माझ्यासाठी फक्त दोन वेळा बाहेर काढायचास. एक, मला गप करताना. दुसरं, मला माफ करताना. दुसरं वाक्य पुढे येईल. ते लिहायला मला जड जाणार आहे, म्हणून सध्या चपलेकडे वळतो. चपलेची गोष्ट मी स्टेजवरून शेकडो वेळा सांगितली आणि दर वेळी खोटी सांगितली. एकदा खरी सांगू दे.

दुष्काळ सरल्यानंतरचे ते गणपती. मी दिवसा गिरणीच्या ऑफिसात कारकून आणि संध्याकाळी मंडळा-मंडळांच्या स्टेजवर नकलाकार. दहा दिवसांत चौदा कार्यक्रम, म्हणजे घसा आधीपासूनच तयार ठेवायला हवा. श्रावण लागताच तुझ्याकडे आलो. तुझ्या वडिलांचं मैंदर्गीत काष्ठौषधींचं दुकान, आणि तू इथे कॉलेजच्या रसायनशाळेत डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे घरात औषध पिढीजात आणि डोक्यात शंका नव्या. तू मला ज्येष्ठमधाच्या काड्या कागदात बांधून दिल्यास. "आठ दिवसांच्या आहेत. आठच दिवस."

मी मान डोलावली आणि तुझ्या नकळत तुझ्या वडिलांना निरोप धाडून पिशवी भरून मागवली. म्हाताऱ्याने प्रेमाने पाठवली. सकाळी काडी, दुपारी काडी, कार्यक्रमाआधी काढा, कार्यक्रमानंतर काढा. घसा असा लागला म्हणतोस, शेवटच्या रांगेतल्या बाईच्या मांडीवरचं मूल दचकायचं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आलो. वहिनींनी पोहे आणले. मी चौदा कार्यक्रमांचं वर्णन सुरू केलं आणि तू माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत बसलास.

"चप्पल नवी आहे का रे?"

"छे, जुनीच."

"मग पट्टा एवढा रुतलाय कसा?"

"कलावंत मोठा झाला मल्लू, पाय मागे कसे राहतील?"

तू हसला नाहीस. खाली उकिडवा बसलास, माझ्या नडगीवर अंगठा टेकवलास आणि दाबून धरलास. एक, दोन, तीन, चार, पाच. अंगठा उचललास. खाली खड्डा. मळलेल्या कणकेत बोट घालावं तसा, आणि तो भरून येईना. मी पोह्याचा घास तसाच धरून त्या खड्ड्याकडे बघत राहिलो. माझाच पाय, पण ओळख पटेना.

"ज्येष्ठमध किती खातोस?"

"थोडंसं."

"दत्ता."

"बरंचसं."

"कधीपासून?"

"तू दिलंस तेव्हापासून. पण मल्लू, मुळी आहे ती. झाडपाला. त्याने काय होतंय?"

तुझा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता. वर्गात हुशार पोराने सोपं गणित चुकवल्यावर होतो तसा झाला होता. "गुण येतो म्हणतोस ना? गुण येतो म्हणजे ती आत जाऊन काहीतरी करते. जी वस्तू काही करते, ती तुला हवं तेवढंच करून थांबत नाही. घसा मऊ करणारी तीच, अंगात मीठ-पाणी धरून ठेवणारीही तीच. जिला अपाय मुळीच नाही, ती बहुधा कामाचीही नाही."

त्याच दुपारी तू मला ओढत डॉक्टरांकडे नेलंस. रक्तदाब असा चढला होता की डॉक्टरांनी यंत्र पुन्हा लावून पाहिलं. स्टेजच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांतलं बळ जायचं ते मी जागरणावर ढकललं होतं. ज्येष्ठमध बंद झालं, काही आठवड्यांत पाय पाय झाले आणि दाब खाली आला. तू मला वाचवलंस, मल्लू. हे वाक्य मी तुला कधी म्हटलं नाही. कारण तोवर माझ्या डोक्यात त्याची नक्कल बसली होती.

'प्रोफेसर अंगठे.' काय चालला तो! मुलगी बघायचा कार्यक्रम. प्रोफेसर अंगठे नवरदेव. मुलगी ट्रे घेऊन येते, हा तिच्याकडे बघतच नाही. थेट मुलीच्या बापाच्या नडगीवर अंगठा: एक... दोन... तीन! "सासरेबुवा, ज्येष्ठमध किती खाता?" लोक खुर्च्यांवरून घसरायचे. तुझा चष्मा खाली घेऊन वरून बघण्याची सवय, तुझं नाकातलं 'हं', सगळं घेतलं मी. पहिला प्रयोग तू स्वतः पाहिलास आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलास. नंतर चष्मा पुसत म्हणालास, "मी पाच मोजतो. तू तीनच मोजलेस."

"तिनाला हशा येतो रे. पुढे मोजलं की पडतो."

"पण तिनात खड्डा नीट उमटत नाही."

"खड्डा कुणाला बघायचाय?"

"मला," तू म्हणालास.

आपला वाद तिथून जो सुरू झाला तो दर रविवारी सकाळी, त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात, भज्यांच्या बशीवर. मी म्हणायचो, हसवलं की लोकांच्या लक्षात राहतं. तू म्हणायचास, हसणं लक्षात राहतं, कशावर हसलो ते नाही. मधूनच तू तुझ्या प्रयोगाचं सांगायचास. मुळीचा काढा गाळायचा, त्यात सौम्य आम्ल घालायचं, की गोड द्रव्य तपकिरी गाळ होऊन तळाशी बसतं. ग्लिसिरायझिन. हा शब्द तू असा उच्चारायचास की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायचे. साखरेच्या कितीतरी पट गोड, पण जिभेला गोडी उशिरा कळते आणि मग जाता जात नाही. पाय सुजवणारं बहुतेक तेच. ते काढून घेतलं तर उरलेला अर्क पोटातली जखम भरून काढील का, हा तुझा ध्यास. परदेशात यावर काम चाललंय, असं तू कॉलेजच्या मासिकांतून वाचून सांगायचास.

"म्हणजे ज्येष्ठमधातली गोडी काढून टाकणार तू?" मी म्हणालो. "मल्लू, एवढा खडूस माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही."

तू भजं खाता खाता ठसका लागेपर्यंत हसलास. माझ्या विनोदांना तुझ्याइतकं मनापासून कुणी हसलं नाही रे. म्हणून तर मला कळलं नाही कुठे थांबायचं.

मग ते व्याख्यान.

वाचनालयाने तुला बोलावलं. विषय ज्येष्ठमध. दोन महिने तू वही लिहीत होतास, खोडत होतास. तू भाषण करणारा माणूस नव्हेस. आदल्या रविवारी तू मला एकच विनंती केलीस. "ओळख तू करून दे. पण नाव सांग आणि खाली बस. एवढंच. माझ्यासाठी."

मी हो म्हणालो. खरंच तसं ठरवलं होतं. पण हॉल भरलेला, दारात माणसं उभी, आणि मला पाहताच कुणीतरी ओरडलं, "अंगठे!" मल्लू, माझ्या जातीच्या माणसाला ती हाक म्हणजे काय असते, हे तुला सांगूनही कळायचं नाही. मी चष्मा नाकावर घेतला आणि अध्यक्षांच्या धोतराचा सोगा बाजूला करून त्यांच्या नडगीवर अंगठा टेकवला.

हॉल पाच मिनिटं हसायचा थांबला नाही. मग तू उठलास.

पहिला अर्धा भाग त्यांनी ऐकला. तू परीक्षानळीत अर्क घालून हलवलास, वर साबणासारखा फेस आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोकला, घसा, उपाशीपोटी चहा पिऊन जळणारं पोट, आतली जखम, यांवर ही मुळी काय करते ते तू किती सोपं सांगितलंस. बायका मान डोलवत होत्या. मग तू पान उलटलंस. "आता हिची दुसरी बाजू. पाय..."

हशा.

तू थांबलास. पुन्हा सुरू केलंस. "पायांवर सूज..."

मागून आवाज आला, "एक!" दुसरीकडून, "दोन!" आणि सगळ्या हॉलने मिळून, "तीन!"

तू वही मिटलीस. "आभारी आहे," म्हणालास आणि बसलास. व्याख्यानाचा दुसरा अर्धा भाग वहीतच राहिला. टेबलावरच्या नळीतला फेस सगळे पांगले तरी बसला नव्हता.

मी तुला गाठलं तेव्हा तू सायकल हातात धरून चालत होतास. आणि मी काय म्हणालो? "बघितलंस, हॉल कसा उचलला!" असं म्हणालो मी.

तू माझ्याकडे पाहिलंस, चष्म्यावरून. म्हणालास, "होग्ली बिडो." जाऊ दे, सोड.

माफीचं वाक्य ते. मी मागितली नव्हती, तू देऊन टाकलीस. आणि मी ती खिशात घालून घरी गेलो, झोप लागली मला.

पुढच्या रविवारी तू हॉटेलात आला नाहीस. त्याच्या पुढच्याही नाही. विचारलं तर म्हणालास, "गावाकडे शेतीचं बघायला जातो." मला वाटलं, रुसला. मग मीही रुसलो. माझं रुसणं तुला ठाऊक आहे, त्यालाही प्रेक्षक लागतात. चार जणांत म्हणालो, शास्त्रज्ञ माणूस, त्याला विनोद पचत नाही. दीड वर्ष आपण रस्त्यात भेटलो, 'काय बरं?' 'बरं' केलं, आणि अंगठे स्टेजवर चालूच राहिला.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी वहिनींनी तुझी पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी बोलायचं म्हणून म्हणालो, "दर रविवारी शेतावर एवढी दगदग करायला नको होती त्याने."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "कुठलं शेत, भावजी? शेत मामंजींच्या वेळीच गेलं. हे कुंभारीला जायचे की, सायकलवर."

"कुंभारीला? कशाला?"

"त्या व्याख्यानाला तिकडची कोण कोण आली होती. त्यांनी वस्तीत सांगितलं, पोट जळतंय तर ज्येष्ठमध खा, कॉलेजातला माणूस सांगतोय, कितीही खा, झाडाची मुळीच तर आहे. विड्या वळायला दिवसभर बसणाऱ्या बायका, सगळ्यांचं पोट जळतंय. लागल्या खायला. यांना दवाखान्यात एक भेटली, तिचे पाय असे झालेले." वहिनींनी हाताने दाखवलं. "तेव्हापासून दर रविवारी. घरोघर."

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"मी म्हटलं होतं. दत्ताभावजींना न्या की बरोबर, बायका ऐकतील तरी. तर म्हणाले, नको. त्याला कळलं तर तो स्टेजवर चढायचा नाही पुन्हा."

मी पिशवी घरी आणली. वही उघडली. पुढे व्याख्यान, मागे नावं. नावापुढे किती दिवस खाल्लं, आणि पुढे तुझ्या बारीक अक्षरात: खड्डा राहतो. खड्डा कमी. खड्डा नाही. 'खड्डा नाही' असेल तिथे तू खाली एक बारीकशी रेघ ओढलीस, परीक्षेत पेपर तपासणारा ओढतो तशी. पानंच्या पानं. एका नावापुढे मात्र वेगळं आहे. 'गेली. हृदय आधीच अधू होतं. तरी.'

त्या 'तरी'च्या पुढे तू काही लिहिलं नाहीस. मी ते पान रोज उघडतो. तू ते स्वतःला लिहिलंस, हे मला कळतं. ते माझ्या नावाने लिहायला हवं होतं, मल्लू. दुसरा अर्धा भाग तुझ्या तोंडून बाहेर पडू दिला नाही तो मी. ज्येष्ठमधातून गोडी काढतोस म्हणून तुला खडूस म्हणालो, आणि लोकांच्या हातात नुसती गोडी देऊन घरी पाठवलं ते मीच.

म्हणून परवाच्या सभेत मी वही घेऊन उभा राहिलो. ठरवलं होतं, तुझ्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. तुझं राहिलेलं वाचायचं. आणि लोक हसले ते तुला सांगितलंच. मी पुन्हा वाचलं. आणखी हसले. माझं उभं राहणंसुद्धा आता नक्कल झालंय रे. मी जितका गंभीर झालो तितकं त्यांना वाटलं, काय बेमालूम करतोय! मागून आवाज आला, "एक!"

तेव्हा दाराजवळ एक म्हातारी उठली. हिरवं लुगडं, बोटं तंबाखूने काळी पडलेली. कुंभारीच्या तुळसाबाई. तुझ्या वहीत पहिलंच नाव त्यांचं.

"हसताय व्हय?" त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "मास्तरनी माज्या पायावर अंगठा दाबला तवा मी बी हसली हुती. म्हनलं, ह्यो काय खुळा हाय का. दर आयतवारी यायचा. उनात यायचा. च्या देऊ म्हनलं तर घ्यायचा न्हाय, पाय दाव म्हनायचा. त्यो आला म्हनून मी हितं हुबी हाय. हसा आता."

कुणी हसलं नाही. तुळसाबाई माझ्याकडे वळल्या. "वाचा की तुमी."

मी वाचलं. सलग फार दिवस घेऊ नये. रक्तदाब असेल, हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, बाई गरोदर असेल, तर घेऊच नये. पाय सुजले, डोकं जड झालं, हातापायांतलं बळ गेलं, तर त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर गाठावा. सगळं वाचलं. शेवटच्या पानावर तू लिहिलंय, 'श्रोते विचारतील ते प्रश्न', आणि खाली सात प्रश्न, प्रत्येकापुढे उत्तर. त्या दिवशी तू सात उत्तरं घेऊन आला होतास आणि तुला एकही प्रश्न विचारला गेला नाही.

मी खाली बसणार, एवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. चाचरत म्हणाले, "सलग किती दिवस चालतं म्हणालात?"

तुझा पहिलाच प्रश्न, मल्लू. जवळपास शब्दन् शब्द. उत्तर माझ्या बोटाखाली होतं, पण मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी उठल्या, वही माझ्या हातातून घेतली आणि त्यांनी वाचलं. "महिन्याच्या आत थांबावे. तेही विचारून."

सभा संपल्यावर तुळसाबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता ऐकवणार. ऐकायची तयारी होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर गेलं. आता आयतवारी कोन येनार हाय?"

मी आजवर कुठल्या प्रश्नाला अडलो नव्हतो. स्टेजवर कुणी काही ओरडलं की उत्तर तयार. परवा मात्र मी वहिनींकडून वही परत मागून घेतली.

तुझी सायकल वहिनींनी दिली आहे. सीट फार उंच होतं, खाली घेतलं, रागावू नकोस. वही पिशवीत आहे. जिथे रेघ ओढलेली नाही अशी अकरा नावं उरली आहेत. मी डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्रातलं मला काही कळत नाही, हे त्या बायकांना आधीच सांगीन. मी फक्त पाय बघणार आणि खड्डा राहिला तर दवाखान्यात घेऊन जाणार. त्या मला ओळखतील, हसतील. हसू देत.

अंगठा मला येतो, मल्लू. तुझाच आहे, हुबेहूब. कुठे टेकवायचा, किती दाबायचा, नजर कुठे ठेवायची, सगळं मी तुझ्याकडून उचललं आहे. फक्त हशा तिनाला यायचा, म्हणून मी त्याच्या पुढे कधी गेलोच नाही.

काल संध्याकाळी स्वतःच्या नडगीवर करून पाहिलं. चार अवघड आहे. तिथे फार शांत असतं. पण पाचपर्यंत गेलो.